जीबी आणि वॅटच्या पलीकडे: ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी

संगणकावर नवे गेम चालेनासे झाले की घरात ग्राफिक्स कार्डाचा विषय निघतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतही आता हे नेहमीचे झाले आहे. कोणी महाराज बाड्याच्या बाजूला चौकशी करतो, कोणी दिल्लीला नेहरू प्लेस गाठतो, कोणी ऑनलाइन मागवतो. पैसे बहुतेक वेळा आईवडिलांचे असतात आणि निवड मात्र ऐकीव माहितीवर होते. त्या माहितीतला बराच भाग चुकीचा असतो, म्हणून हा खटाटोप.

दुकानात पहिली मागणी ठरलेली: “भैया, चार जीबी वाला कार्ड दिखाओ.” जीबी म्हणजे कार्डावरची मेमरी. कार्डाची ताकद तिच्यावरून कळत नाही. २०१४ मध्ये आलेले जीटी ७३० चार जीबीतही विकले गेले आणि २०१९ चे जीटीएक्स १६५० सुद्धा चार जीबीचेच. पहिल्यावर आजचा गेम सरकतही नाही, दुसऱ्यावर बरेच गेम बेताच्या सेटिंगवर खेळता येतात. जीटी १०३० चा प्रकार तर सरळ फसगतीचा. २०१७ मध्ये ते जीडीडीआर५ मेमरीसह आले, पुढच्या वर्षी तेच नाव डीडीआर४ मेमरीच्या कार्डालाही दिले गेले. मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून सुमारे १७ जीबीवर आला. दोन्ही कार्डे दोन जीबीचीच, त्यामुळे खोक्यावरचा मोठा आकडा पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. आधी चिप कोणती ते पाहावे; मेमरी किती हा प्रश्न त्यानंतरचा. एकाच चिपची आठ आणि सोळा जीबीची कार्डे समोर असतील, जशी आरटीएक्स ४०६० टीआयची आहेत, तर जीबीची तुलना कामाची ठरते.

कार्ड ठरले की संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसकडे कोणी पाहत नाही. “आपल्याकडे ४५० वॅटचा आहे, चालेल.” कॅबिनेटबरोबर आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ठळक अक्षरांत छापलेला हा आकडा सर्वांत जास्त दिशाभूल करतो. कॅबिनेटची बाजू उघडून एसएमपीएसच्या अंगावरचा तक्ता वाचा. ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली अँपिअर लिहिलेले असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. तिथे १८ अँपिअर लिहिले असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे फक्त २१६ वॅट तुमच्या कामाचे. आरटीएक्स ४०६० एकटेच ११५ वॅट घेते, आरटीएक्स ३०६० तर १७० वॅट. या दोन्ही कार्डांसाठी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. शिवाय कार्डाची मागणी काही क्षण एकदम उसळते. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसावा अशी अट आली, ती याच कारणासाठी. जुना एसएमपीएस अशा वेळी संगणक बंद करतो आणि दोष नव्या कार्डावर येतो.

उलट बाजूची भीतीही खोटी आहे. ६५० वॅटचा एसएमपीएस सतत ६५० वॅट ओढत नाही. संगणकाला लागेल तेवढेच घेतो. बिलात फरक पडतो तो कार्यक्षमतेने. आतल्या भागांना ३०० वॅट लागत असतील तर ९० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून ३३३ वॅट घेतो, ७५ टक्क्यांचा ४०० वॅट. रोज तीन तास खेळलात तर महिन्याला सहा युनिटांचा फरक, आणि ती वाया गेलेली वीज उष्णता होऊन खोलीत येते. “८० प्लस गोल्ड”चा शिक्का एवढेच सांगतो. शॉर्ट सर्किटपासून संरक्षण, आतल्या कपॅसिटरचा दर्जा यांबद्दल त्यात काही नाही, आणि ती चाचणी २३ अंशांच्या आसपास होते. ग्वाल्हेरच्या मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून पूर्ण वॅट किती तापमानापर्यंत मिळतील हे विचारा. चांगल्या कंपन्या ४० किंवा ५० अंश असे लिहून देतात.

कार्डाला सहा पिनांची जोडणी हवी आणि एसएमपीएसवर ती नाही, तर हार्ड डिस्कसाठीची साटाची पिन जोडून देणारे कन्व्हर्टर मिळतात. घेऊ नका. साटाच्या पिनेतून १२ व्होल्टवर ५४ वॅट मिळतात, सहा पिनांतून कार्ड ७५ मागू शकते, प्लास्टिक वितळते. एसएमपीएस बदलायचाच नसेल तर आरटीएक्स ३०५० चे सहा जीबीचे कार्ड पाहा. ते ७० वॅटचे आहे, आणि स्लॉटमधूनच ७५ वॅट मिळत असल्यामुळे त्याला सहसा वेगळी वायर लागत नाही. मॉड्युलर, म्हणजे सुट्या वायरींचा, एसएमपीएस बदलताना जुन्या वायरी तशाच ठेवू नयेत. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येक कंपनीची निराळी असते. पिन घट्ट बसते आणि हार्ड डिस्क जळते.

घरातला ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे बहुधा ३६० वॅट. मॉनिटर, प्रोसेसर आणि मोठे कार्ड मिळून ही मर्यादा सहज ओलांडतात. मग वीज गेल्यावर गेम सेव्ह करायलाही वेळ मिळत नाही.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट अर्थिंगची. जुन्या वाड्यांत अनेकदा दोनच वायरी ओढलेल्या असतात, किंवा तिसरी पिन नुसती नावाला असते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या की “स्टॅबिलायझर लावा” असा सल्ला मिळतो. स्टॅबिलायझरचा इथे काही उपयोग नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे कपॅसिटर थोडी वीज मुद्दाम अर्थच्या वायरीकडे सोडतात. अर्थ नसेल तर ती वीज कॅबिनेटवरच राहते आणि धातूवर सुमारे ११५ व्होल्ट दिसतात. प्रवाह अगदी कमी असला, तरी आत खरोखर बिघाड झाला तर माणसाला वाचवणारी वाट तिथे नसते. कार्डाची ऑर्डर देण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून संगणकाच्या सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्या, आणि ते नसेल तर आधी ते करून घ्या.