पाडव्याची सुई, आषाढीच्या आत

शिरवण्याकडे, एमआयडीसीच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे. पत्ता नेरूळचा, पण बोली जालना-परभणीची. बिगारी कामाला आलेली जोडपी इथे वर्षातले आठ-नऊ महिने राहतात आणि पेरणीला गावी जातात. आरोग्य केंद्राच्या आशाताईंबरोबर मी तिथे गेले ते भर वैशाखात, जेवणाच्या सुट्टीत. बायका भेटतात त्या तेवढ्याच वेळात.

पहिल्याच खोलीत दीड वर्षाची मुलगी मांडीवर घेऊन बसलेली बाई दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, दोन महिने झाले, पाळी नाही. रगत आत साचत असंल ना?"

तिने पाडव्याला नागरी आरोग्य केंद्रात 'अंतरा'ची दुसरी सुई घेतली होती. दर तीन महिन्यांनी घ्यायचं हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी केंद्रात फुकट मिळतं. त्यानं पाळी मागेपुढे होते, पुढे कित्येकींची थांबतेही. हे आधी नीट सांगितलं नाही की बाई घाबरते आणि पुढची सुई घ्यायला येतच नाही. आशाताईंनी तिच्या गिलाव्याने पांढऱ्या पडलेल्या हातांकडे पाहिलं. "भिंतीला गिलावा केलाच नाही, तर पोपडे कुठून पडतील? पिशवीला आतून अस्तर चढतं, ते गळतं, ती पाळी. आता अस्तरच चढत नाही. साचणार काय?"

बाईचा चेहरा सैल झाला. मग आशाताईंनी विचारलं, "सुई घेतल्यावर दंड चोळला नाहीस ना?" चोळलं किंवा शेकलं की औषध अंगात लवकर पसरतं आणि तीन महिने पुरत नाही. कुठलीही सुई टोचली की हात आपोआप तिथे जातो, म्हणून हा प्रश्न त्या प्रत्येकीला विचारतात.

शेजारची बाई उंबऱ्यात येऊन टेकली. तीन लेकरं झालेली. "माझी पिशवीच काढून टाका, कटकट नको." बीडच्या ऊसतोड बायकांच्या काढलेल्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, तो मला त्या एका वाक्यात पुन्हा ऐकू आला. मूल नको म्हणून अख्खा अवयव द्यायची तयारी! आशाताई तिच्याजवळ सरकल्या आणि तांबी दाखवली, बोटाच्या दोन पेरांएवढी, इंग्रजी टी अक्षरासारखी. एकदा बसवली की दहा वर्षं चालते, नको झाली की काढता येते. बाईने ती तळहातावर घेऊन बराच वेळ निरखली.

नवऱ्यांशी बोलणं अवघड. "नसबंदी केली तर सिमेंटची गोणी उचलंल का मी?" एकाने अगदी मनापासून विचारलं. उचलता येईल, टाका पडत नाही, ताकद जात नाही, फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग तपासणी करून घ्यायची, असं आशाताई सांगत होत्या. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. शंभर वर्षं उलटून गेली तरी ही भीती ताजी आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

पण मी जे पाहिलं त्यात घोडं नकारापाशी अडत नाही, तारखेपाशी अडतं. हातावर पोट असलेल्या माणसाला पुढच्या तारखा कुठल्या लक्षात राहणार? म्हणून आशाताई सण सांगतात. पाडव्याला सुई, तर पुढची आषाढीच्या आत. तारखेच्या चौदा दिवस आधीपासून अठ्ठावीस दिवस नंतरपर्यंत ती चालते, त्यात आषाढी बसते. मधे अधिक महिना आला तर हा हिशेब फसतो, आषाढी सव्वाचार महिन्यांवर जाते. त्या वर्षी भिंतीवरच्या कॅलेंडरावर पेनाने गोल करायचा.

गिलाव्याचं काम करणारी ती पुढच्या आठवड्यात गावी निघणार होती. मागच्या खेपेला तिकडच्या एका दवाखान्यात "पहिली जिथे घेतली तिथेच जा" म्हणून तिला परत पाठवलं होतं. आशाताईंनी कार्डावर तारीख ठळक केली, खाली आपला फोन नंबर लिहिला.

"कुणी नाही म्हटलं तर तिथूनच मला फोन लाव. मी बोलते त्यांच्याशी."

तिने कार्ड रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत सरकवलं, पिशवीला गाठ मारली आणि ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली.