चुनाळ्यातला माइक

माझ्या आईचा आवाज आमच्या घरी एका कॅसेटवर आहे. १९८८ साली मी तो भरून घेतला. टेपरेकॉर्डर कपाटावर ठेवला होता, आई खाली चटईवर बसून जात्यावरच्या ओव्या म्हणत होती आणि डोक्यावर पंखा फिरत होता. आज ती कॅसेट लावली, की पंखा स्वच्छ ऐकू येतो. आई मात्र कुठंतरी विहिरीच्या तळाशी बसून गात असावी, तशी.

त्याच ओव्या माझ्या खालाला, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीला, येतात. तिनं आता ऐंशी ओलांडली आहे आणि आवाज बारीक झाला आहे. या वेळी चूक करायची नव्हती. दुकानात चांगल्या माइकची किंमत विचारली, तर आकडा हजारांत. तेव्हा रेडिओ दुरुस्त करणारा एक जुना मित्र म्हणाला, ‘‘घरीच कर की. पाव किलो मटणाच्या पैशात होईल.’’ मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. तरी धीर केला.

पंखा रडत फिरायला लागला, की वायरमन म्हणतो, ‘कंडेन्सर गेला’. आपल्या माइकमधलाही कंडेन्सरच, फक्त रूप वेगळं. दोन पत्रे समोरासमोर, पण एकमेकांना न शिवता ठेवले, की त्यांच्यात विजेचा भार साठवता येतो. माइकमध्ये यातला एक पत्रा म्हणजे कागदाहून पातळ पडदा. आवाज म्हणजे हवेचे धक्के. ते लागले, की पडदा थरथरतो, दोहोंमधलं अंतर किंचित कमी-जास्त होतं आणि त्याबरोबर विजेचा दाबही. अमेरिकेत ई. सी. वेंटे यांनी १९१६ साली अशा तत्त्वावर माइक बनवला. सभेत वापरतात त्या साध्या माइकमध्ये आवाजाला पडद्याबरोबर तारेचं वेटोळंही हलवावं लागतं. इथं नुसता पडदा. म्हणून हा श्वाससुद्धा टिपतो.

अडचण अशी, की पत्र्यांवर भार ठेवायला बाहेरून वीज द्यावी लागते. स्टुडिओतल्या अशा माइकना आजही बहुधा ४८ व्होल्ट पुरवतात. १९६२ साली बेल प्रयोगशाळेतल्या गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी यातून वाट काढली. लोहचुंबकात चुंबकत्व राहतं, तसा प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यात वीजभारच कोंडून ठेवायचा. याला इलेक्ट्रेट म्हणतात. त्यामुळं माइक शर्टाच्या गुंडीएवढा झाला आणि स्वस्तही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ही गुंडी दहा-वीस रुपयांना मिळते.

गुंडीच्या पाठीला दोन टोकं असतात. त्यातलं एक तिच्या धातूच्या अंगाला जोडलेलं दिसतं, ते वजा. दुसरं अधिक. आत एक चिमुकला ट्रान्झिस्टर आहे, त्याच्यापुरती वीज लागते. दोन पेन्सिल सेल पुरतात. सेलच्या अधिक टोकापासून २.२ किलो-ओहमचा रेझिस्टर गुंडीच्या अधिक टोकाला जोडायचा. त्याच टोकापासून १० मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर (हा पंख्याचा नव्हे, तुरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा) बाहेर जाणाऱ्या तारेला. त्याचं अधिक टोक गुंडीकडे हवं. सेलचं वजा, गुंडीचं वजा आणि तारेवरची जाळी एकत्र. झालं. डाग देताना मात्र दोन-तीन सेकंदांत कावीळ उचलायची... माफ करा, कावीळ नव्हे, कावीया! आमचा मित्र त्याला तसंच म्हणतो. गुंडी तापली, की गेली. माझ्या दोन गेल्या.

तिसरी वाजली, पण गाण्याआधी नुसती घूंऽऽ. मी काटकसर म्हणून बेलची साधी तार लावली होती. घरातल्या दिव्यांची वीज ती तार वाऱ्यासारखी झेलत होती. जाळीची शील्डेड तार घेतली, तेव्हा घूं निम्मी झाली. उरलेलीसाठी गुंडीभोवती धातूचं घर हवं होतं. खालानं आपलं जुनं पितळी चुनाळं पुढं केलं. पितळेला डाग धरतो, ॲल्युमिनियमला धरत नाही. झाकणाला भोकं पाडली, चुनाळं वजा तारेला जोडलं आणि घूं थांबली.

मोबाइल असताना हा उद्योग कशाला, असं मुलीनं विचारलंच. मोबाइलमधला माइक वाईट नसतो, पण तो म्हाताऱ्या माणसाच्या तोंडासमोर धरला, की माणूस ताठरतो. दूर ठेवला, तर आवाज हरवतो. अंतर दुप्पट झालं, की पोचणारा आवाज जवळजवळ निम्मा होतो, आणि पंखा तेवढाच राहतो. माझं कपाट आईपासून दोन मीटरवर होतं. चुनाळं मी खालापासून वीतभर अंतरावर, उशीवर ठेवलं. ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचे फुत्कार अडवायला भरतकामाच्या रिंगवर मलमलची ओढणी ताणली. कविसंमेलनात माइकवर फुंकर मारून बघणाऱ्या आम्हा मंडळींना हे उशिरा कळलं.

या माइकला मागं बारीक सळसळ आहे. हजारोंच्या माइकमध्ये ती फार कमी असते, हे कबूल. पावसाळ्यात ओल लागली, तर तो कुरकुरतोही. बुटांच्या खोक्यातली ती पांढऱ्या दाण्यांची पुडी त्याच्याशेजारी ठेवतो.

मे महिन्यात पंखा बंद करून आम्ही सगळे घामाघूम होऊन बसलो. खालानं अकरा ओव्या म्हटल्या. बांगड्या ऐकू येतात, कडवं संपल्यावरचा उसासा ऐकू येतो. परत लावून दाखवल्या, तर थोडा वेळ ऐकून म्हणाली, ‘‘ये मेरा आवाज नई रे, तेरी अम्मा का है.’’ बारावी ओवी तिला त्या दिवशी आठवली नाही. थंडी पडली, की पुन्हा बसायचं ठरलं आहे. पंख्याचा प्रश्नही तेव्हा नसेल.