तंजावरच्या वाटेवरचे टायर

पुण्याहून तंजावर साधारण १२०० किलोमीटर, बराचसा सरळ, तापलेला हायवे. अशा रस्त्यावर मोटरसायकलचा मागचा टायर मधोमध घासून सपाट होतो आणि वळणावर गाडी अडखळत झुकते. म्हणून ड्युअल कंपाउंड बघा: मध्ये कडक रबर, कडांना मऊ. मोठ्या ठोकळ्यांचे ऑफ-रोड टायर रुबाबदार दिसतात, पण डांबरावर गुरगुरतात, लवकर झिजतात, इथे नकोच! रेडियल आरामदायी, मात्र तुमच्या गाडीला चालत असेल तरच. टायरवरचा चार आकडी कोड वाचून घ्या: २३२५ म्हणजे २०२५चा २३वा आठवडा. हवा टायर थंड असतानाच तपासा. मागे कुणी बसणार असेल, सामान असेल, तर मॅन्युअलप्रमाणे वाढवा. आणि हो, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात तिथल्या मराठा राजांनी, सरफोजींनी, १८०३ मध्ये कोरवलेला लांबलचक मराठी शिलालेख आहे, त्याला निवांत वेळ ठेवा.