गोल्फवाला आणि पैलवान

काठीनं चेंडू मारीत चालणारा माणूस मोठा खेळाडू कसा, असं लातूर-नांदेडकडं कोणीही विचारील. रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले. खेळाडू म्हटलं की आपल्यापुढं तसा देह उभा राहतो. पण गोल्फ बघा. दूरच्या सव्वाचार इंची खळीत, आपल्या गोट्यांतली गलच म्हणा ना, कमीत कमी फटक्यांत चेंडू घालायचा. टोकियो ऑलिंपिकात, 2021 साली, बंगळूरच्या अदिती अशोकनं चार दिवसांत 72 खळ्या पुऱ्या केल्या नि कांस्यपदकवालीपेक्षा एकच फटका जास्त घेतला. चौथी आली! तिथं नुसता दम पुरत नाही, मन नि मनगट चार दिवस स्थिर लागतं. गुरुजी, शाळेच्या बक्षिसांतून नेमबाज पोरं आपण वगळतो, ती देहाकडं बघूनच. बिराजदारांना मी वरच ठेवीन. पण अदितीचं नाव त्याच यादीत लिहीन.