नानेटीचा अमेरिकी भाऊबंद

न्यू जर्सीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि ते बाजूला सारवेना. त्यांच्या परसातल्या हिरवळीवर काळपट अंगाचा, पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा साप फिरतो. त्या विचारतात, ‘माहेरी बांधावर दिसायची ती नानेटी इथे कशी आली?’

ताई, नानेटी अमेरिकेत नाही. तुम्ही पाहता तो गार्टर स्नेक असणार. पण तुमच्या नजरेला दाद द्यायला हवी, कारण दोघांचं गोत्र खरोखरच एक. दोघांना शास्त्रीय नाव दिलं लिनियसनं, तेही एकाच वर्षी, १७५८ मध्ये. दोघांच्या खवल्यांवर मधोमध बारीक कंगोरा, दोघांना बेडूक प्रिय. डिवचलं की अंग ताणून खवल्यांमधली एरवी झाकलेली रंगीत कातडी दाखवायची खोडही सारखीच. मात्र नानेटीच्या पाठीवर दोन पट्टे, तर गार्टरला बहुधा तीन : एक कण्यावरून, दोन कुशींवरून. नानेटी अंडी घालते. गार्टरची मादी उन्हाळा सरताना थेट पिल्लांना जन्म देते, कधी दहा-बारा, कधी चाळीसही.

आता माझ्या आवडीचा मुद्दा. त्याच भागात रिबन स्नेक नावाचा आणखी एक तीन पट्ट्यांचा बिनविषारी साप आहे आणि भलेभले तिथे फसतात. शिवाय काही गार्टरचे पट्टे इतके पुसट असतात, की अंगावर नुसती चौकटच दिसते. म्हणून पट्ट्यांवर विसंबू नका, ओठ पाहा. गार्टरच्या वरच्या ओठावरच्या खवल्यांच्या कडा काळ्या, म्हणून ओठावर उभ्या रेघा दिसतात. रिबनचा ओठ कोरा, डोळ्यापुढे पांढरा ठिपका, अंग सडपातळ आणि शेपूट एकूण लांबीच्या जवळपास तिसरा हिस्सा. फोटो स्पष्ट असेल तर पोटाकडून वर खवल्यांच्या ओळी मोजा. कुशीचा पट्टा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीवर असेल तर गार्टर, तिसऱ्या-चौथीवर असेल तर रिबन. ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते.

विषाचं विचारलंत. न्यू जर्सीत विषारी साप दोनच, कॉपरहेड आणि टिंबर रॅटलस्नेक. दोघेही आपल्या घोणशीच्या कुळातले, दोघांच्या अंगावर आडवी नक्षी. गार्टरच्या लाळेत सौम्य विष असतं. त्यानं बेडूक-गांडुळं नमतात, माणसाला धोका नाही. हातात धरलात तर चावेल आणि शेपटीखालून असा उग्र दर्प सोडेल, की साबणानंही लवकर जाणार नाही.

तेव्हा त्याला मारू नका, पकडूही नका. लांबूनच, डोकं बाजूनं दिसेल असा फोटो काढून पाठवा. ओठ दिसले की नक्की सांगतो.