सुवर्णनाण्याचे धातुमूल्य : गणना, व्यवहार आणि मर्यादा

प्रस्तावना

दागिना मोडताना घडणावळ बुडते, नाण्याचे मात्र पुरते मोल येते, अशी समजूत आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत दृढ आहे. मुलीच्या विवाहासाठी दर दसऱ्याला एखादे नाणे घेऊन ठेवण्याच्या प्रथेमागेही हीच समजूत असते. ती अंशतःच खरी आहे. नाण्याचे धातुमूल्य कसे ठरते, खरेदी व विक्रीच्या रकमांत तफावत का पडते आणि केवळ धातुमूल्याने नाणे विकणे केव्हा अहितकारक ठरते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धातुमूल्याची गणना

नाण्याचे वजन, त्याची शुद्धता आणि त्या दिवसाचा शुद्ध सोन्याचा दर यांचा गुणाकार म्हणजे धातुमूल्य होय. आपल्याकडे 'गिनी' म्हणून ओळखले जाणारे ब्रिटिश सॉव्हरिन ७.९८८ ग्रॅम वजनाचे व २२ कॅरटचे असते. २४ भागांपैकी २२ भाग सोने, या हिशेबाने त्यात ७.३२२ ग्रॅम शुद्ध सोने भरते. याउलट बँका व सराफ आज विकतात ती नाणी बहुधा २४ कॅरटची, ९९९ शुद्धतेची असतात. दोन्ही प्रकारांना एकच दर लावणे ही गणनेतील नेहमीची चूक होय.

शुद्धतेची परीक्षा आता क्ष-किरण यंत्राने क्षणात होते. परंतु हे यंत्र मुख्यतः पृष्ठभागाचाच कस सांगते. टंगस्टनची घनता सोन्याच्या अगदी जवळची असल्याने आत तो धातू भरलेला असेल, तर घनतेवरूनही फसवणूक उघड होणे कठीण असते. म्हणून प्रमाणपत्र, सीलबंद वेष्टन व पावती यांना महत्त्व आहे.

खरेदी-विक्रीतील तफावत

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शुद्ध सोन्याचा दर ग्रॅमला १०,००० रुपये मानल्यास १० ग्रॅमच्या नाण्याचे धातुमूल्य १,००,००० रुपये होते. त्यावर ४ टक्के घडणावळ धरली, तर रक्कम १,०४,००० होते. या रकमेवर ३ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ३,१२० रुपये मिळवता ग्राहक १,०७,१२० रुपये देतो. त्याच दिवशी नाणे विकल्यास आणि सराफाने २ टक्के तूट धरल्यास हाती ९८,००० रुपये येतात. ९,१२० रुपयांचा हा फरक भरून निघण्यासाठी सोन्याचा दर सुमारे ९.३ टक्क्यांनी वाढावा लागतो. घडणावळ व कर विक्रीच्या वेळी परत मिळत नाहीत. अर्थात तोट्याचा मोठा भाग खरेदीच्या क्षणीच निश्चित झालेला असतो.

नाणे जितके लहान, तितका पाडणीचा व वेष्टनाचा खर्च प्रतिग्रॅम अधिक पडतो. म्हणून एकेक ग्रॅमची दहा नाणी १० ग्रॅमच्या एका नाण्यापेक्षा महाग पडतात. शिवाय बँका स्वतः विकलेली नाणी परत विकत घेत नाहीत. ग्राहकाला अखेर सराफाकडेच जावे लागते.

धातुमूल्याची मर्यादा

१९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत सॉव्हरिन पाडली गेली आणि त्याच वर्षी १५ रुपयांचे सुवर्णनाणेही पाडले गेले. दोहोंचे वजन व शुद्धता समान असल्याने तराजूला त्यांत भेद दिसत नाही; संग्राहक मात्र १५ रुपयांच्या नाण्याला कितीतरी अधिक मोल देतात. जुन्या पुतळ्यांच्या माळेबाबतही हीच दक्षता हवी. पुतळी हा घाट मुळात व्हेनिसच्या डुकाटवरून आलेला. अशा माळेत अस्सल डुकाट, त्यांच्या देशी नकला व पुढे जोडलेल्या कड्या एकत्र असू शकतात. डाक लावलेल्या कडीचा कस नाण्याइतका नसतो, म्हणून संपूर्ण माळेला एकच शुद्धता लावणे अयोग्य होय. आणि अस्सल नाणे एकदा मुशीत गेले की त्याच्याबरोबर इतिहासाचे एक साधनही नष्ट होते.

निष्कर्ष

गुंतवणूक हाच हेतू असेल, तर मोठ्या वजनाचे, कमी घडणावळीचे नाणे घ्यावे, पावती जपावी आणि खरेदीपूर्वीच परतखरेदीचा दर लेखी विचारून घ्यावा. घरातील जुने नाणे मात्र तराजूत टाकण्यापूर्वी नाणकशास्त्राच्या जाणकारास दाखवावे. नव्या नाण्याचा व्यवहार चुकला तर पैशाचे नुकसान होते. जुन्या नाण्याच्या बाबतीत झालेली चूक पैशाने भरून येत नाही.