न्यूयॉर्कचा पौंड, अकोटचा क्विंटल

दिवाळीच्या आगेमागे कापूस बाजारात यायला लागला की विदर्भ-खानदेशातल्या गावांत भावांचे आकडे मोबाइलवरून फिरू लागतात. न्यूयॉर्कचा वायदा सेंटमध्ये, पौंडाला. रुईचा भाव रुपयांत, खंडीला. बाजार समितीतला कापूस क्विंटलला. बोंड एकच, वजनं तीन. ‘न्यूयॉर्क चढलं’ एवढंच ऐकून माल घरात ठेवायचा की अकोटला, हिंगणघाटला न्यायचा, हे ठरवावं लागतं. म्हणून हा हिशेब व्यापाऱ्याइतकाच शेतकऱ्यालाही यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आधी खंडी. आज रुईची खंडी ३५६ किलोंची धरतात. असा अडनिडा आकडा आला कुठून? जुना मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि कापसाची खंडी अशा २८ मणांची, म्हणजे ७८४ पौंड. इंग्रजांचं हंड्रेडवेट ११२ पौंडांचं. त्या हिशेबानं खंडी बरोबर सात हंड्रेडवेट भरते. १९५६ च्या कायद्यानं भारतानं किलो स्वीकारला, १९५८ पासून तो टप्प्याटप्प्यानं दुकानांत आला. मण, शेर मागे पडले. रुईच्या व्यापारात खंडी मात्र टिकली. १९५९ मध्ये इंग्रजी वजनं वापरणाऱ्या प्रमुख देशांनी एक पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो, असं कायमचं ठरवलं. त्यानं ७८४ ला गुणलं की ३५५.६ किलो येतात.

आता भाव. इथे बरेच जण अडखळतात, कारण वजन बदलताना ज्या आकड्यानं भागतात, त्यानंच भाव बदलताना गुणावं लागतं. किलो पौंडापेक्षा मोठा, म्हणून किलोचा भावही मोठा यायला हवा. समजा, न्यूयॉर्कला ७० सेंट भाव आहे. २.२०४६ नं गुणा: किलोला साधारण १५४ सेंट, म्हणजे १.५४ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर रुई किलोला १३१ रुपये. खंडीचा भाव हवा असेल तर वाट आणखी जवळची: सेंटना ७.८४ नं गुणलं की थेट खंडीचे डॉलर मिळतात. ७० सेंटला ५४९ डॉलर, सुमारे ४६,६०० रुपये.

पण हा भाव रुईचा. शेतकरी विकतो तो सरकीसकट कापूस. क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई निघाली, तर तिचे ४,४५४ रुपये. उरलेल्यात ६४ किलो सरकी, ३५ रुपयांनी २,२४० रुपये. बाकी घट आणि कचरा. बेरीज ६,६९४. त्यातून जिनिंग-प्रेसिंग, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा जातो.

उत्पादनाच्या बातम्यांत गाठींचा घोळ वेगळाच. आपली गाठ १७० किलोंची, अमेरिकी आकडेवारीतली ४८० पौंडांची, म्हणजे जवळपास २१८ किलोंची. भारताचं पीक ३०० लाख गाठी असेल तर तेच पीक अमेरिकी अहवालात २३४ लाख गाठी दिसेल. पीक घटलं म्हणून भाव वाढणार, असा निष्कर्ष काढण्याआधी गाठ कुणाची, ते बघायला हवं.

बाजार समित्यांनी कापसाच्या भावाशेजारी रुईचा किलोचा भाव रुपयांत रोज लिहावा. ते फार अवघड नाही. आणि त्याच्या जोडीला रुईचा उताराही लिहावा. कारण वरच्याच भावांत उतारा ३३ ऐवजी ३६ किलो निघाला, तर सरकी तीन किलोंनी घटूनही क्विंटलमागे २८८ रुपये जास्त येतात, आणि चांगलं बियाणं निवडून स्वच्छ वेचणी करणाऱ्या शेतकऱ्याला त्यातले किती मिळाले, हे त्याला तिथल्या तिथे विचारता येईल.